शुद्धलेखनाच्या बाई

बिरादार बाईंच्या पर्समध्ये कायम खडूचा एक तुकडा असायचा, रुमालात गुंडाळलेला. शिक्षिकेजवळ खडू असण्यात नवल काही नाही, पण हा खडू वर्गासाठी नव्हता, गावासाठी होता. बिलोलीच्या स्टँडसमोर 'हॉटेल आर्शिवाद' अशी पाटी लावलेलं एक चहाचं दुकान होतं. बाई जाता-येता त्या पाटीकडे बघून दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायच्या. एका सकाळी त्यांनी दुकानातलाच बाक ओढला, त्यावर चढल्या, चुकीच्या अक्षरांवर काट मारली आणि वर 'आशीर्वाद' लिहिलं. मालक बाहेर आला. म्हणाला, बाई, वडलांपासून गिऱ्हाईक ह्याच नावानं येऊन राहिलंय. बाई बाकावरूनच म्हणाल्या, "येऊ द्या की. पण जाताना आशीर्वाद चुकीचा घेऊन जातंय."

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. माहेर चाकूरचं, आणि पहिली नेमणूक बिलोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाई त्या शाळेत सगळ्यांत जुन्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या पाठाचं टाचण मागून घेतलं, लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि वही परत देताना विचारलं, "खरं ऐकायचंय का गोड?" मी भीतभीत म्हणाले, खरं. "मग डी.एड.वाल्यांनी तुला फसवलंय, पोरी."

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. सरपंचाला, केंद्रप्रमुखाला, मुलाचे मार्क विचारायला आलेल्या बापाला. कुणी चुकून गोड म्हणालं, तरी सांगायच्या खरंच. गोड त्यांच्याकडे नव्हतंच.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बिनदुधाचा कडक चहा. उदगीरकडच्या. वर्गात मराठी पुस्तकातली, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की भाषा आपोआप गावाकडची व्हायची आणि लाडात आल्या की पोरींना 'अव्वा' म्हणायच्या. अर्थात लाडात क्वचित यायच्या. टेबलावर निरगुडीची छडी असायची. सरकारनं छडी बंद केली होती, पण बाईंची छडी कुणी बंद केली नव्हती, कारण आईबापांचीच तिला संमती होती. बाई मारतात पण वाचायला शिकवतात, असं सगळा गाव सांगायचा, आणि ते खरं होतं. चौथीतून बाहेर पडलेलं त्यांचं पोर अर्ज लिहू शकायचं.

त्यांचे मालक लातूरला एका पतसंस्थेत होते. मोठा मुलगा शैलेश त्यांच्याजवळ राहून तिथल्या शिकवणीला जायचा. धाकटी नमिता बाईंजवळ, बिलोलीत. नमू. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच-साडेपाच वर्षांची होती. रांजणाच्या तोटीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत बोट धरून बसली होती आणि हसत होती. मी हाक मारली, तिनं पाहिलं नाही. कुकरची शिट्टी झाली तशी तिनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि घशातून एक लांब, एकसुरी आवाज काढला. बाई उठल्या, कुकर उतरवून अंगणात नेऊन ठेवला आणि परत येऊन माझ्याशी केंद्रसंमेलनाबद्दल बोलायला लागल्या.

नमू बोलत नव्हती. सासू म्हणाली, जीभ जड आहे, मध चाटवा. मध चाटवून झाला. कुणी म्हणालं दर्ग्यात न्या, कुणी म्हणालं देगलूरच्या पुढं एक महाराज आहेत. बाईंचा कशावरच विश्वास नव्हता, पण नेलं सगळीकडे. लातूरच्या एका डॉक्टरानं नमूकडे मान वर करून न बघताच सांगितलं, टीव्ही कमी दाखवा. बाईंच्या घरी टीव्ही नव्हता. तसं त्यांनी सांगितलं, तर म्हणाला, मग मोबाईल. बाईंकडे बटणांचा फोन होता. "त्याला एकदा माझ्या घरी घेऊन येते," बाई मला म्हणाल्या. "काय बंद करायचं ते त्यानंच दाखवावं."

शेवटी आमच्या भागातले लोक शेवटी जातात तिथं त्या गेल्या, हैदराबादला. तिथल्या डॉक्टरीणबाई दोन दिवस नमूबरोबर जमिनीवर बसून खेळल्या आणि मग म्हणाल्या, ऑटिझम. मतिमंदपणा नव्हे, बहिरेपणा नव्हे, तुमच्या वळणाचा दोष नव्हे. हिला आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा वेगळे लागतात. शिकेल, पण वेगळ्या वाटेनं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, हे बाईंनी परत आल्यावर शोधून काढलं आणि तो शब्द त्यांना मुळीच आवडला नाही. म्हणाल्या, "स्वतःत मग्न? ती मग्न न्हाई, ती हैराण हाय." त्यानंतर त्या ऑटिझमच म्हणायच्या. शुद्ध मराठीच्या त्या कट्टर बाईंनी मराठी शब्द बाजूला सारून मुद्दाम निवडलेला हा मला आठवणारा एकमेव इंग्रजी शब्द.

हैदराबादेहून आल्यावर बाई गप्प झाल्या. नमूमुळे असेल, असं आम्हाला वाटलं. मग एका रविवारी त्यांनी मला निरोप पाठवला, माझ्यासंगं एका गावाला चल. ऑटोत बसल्यावर सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या ज्या गावात होत्या, तिथं ग्यानबा नावाचा मुलगा त्यांच्या तिसरीच्या वर्गात होता. तो डोळ्यांत बघायचा नाही. आणि बाई जे बोलायच्या तेच, त्यांच्याच सुरात, परत म्हणायचा. बाई म्हणायच्या, उभा राहा. तो म्हणायचा, उभा राहा. वर्ग हसायचा. बाईंना वाटलं, पोरगं वेडावून दाखवतंय. त्यांनी त्याला वर्षभर मारलं. चौथीत त्यानं शाळा सोडली.

"हैदराबादच्या बाई सांगत होत्या," बिरादार बाई म्हणाल्या, "की काही लेकरं ऐकलेलं तसंच परत म्हणतात. तीच त्यांची बोलायची रीत. मला पुढचं काई ऐकूच आलं न्हाई."

ग्यानबाचं घर गावाच्या कडेला होतं. आता तो तिशीचा बाप्या, दाढी वाढलेली. गोठ्यापुढं बसून तुरीच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करत होता. त्याची आई म्हातारी झाली होती. तिनं बाईंना ओळखलं, लगबगीनं पटकूर अंथरलं. ग्यानबानं मान वर केली. बाईंकडे, म्हणजे त्यांच्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी पाहिलं. मग तो उठला, समोर येऊन उभा राहिला, दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाला, "हात पुढं कर."

आवाज त्याचा होता, पण सूर बाईंचा. जुना, वर्गातला. मी तो रोज ऐकायची.

म्हातारी कौतुकानं हसली. म्हणाली, "बाई, तुमची लई याद हाय त्याला. कधीमधी असंच म्हनतो."

चहा आला. बाईंनी बशी तोंडाला न लावताच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माय, मी तुमच्या लेकराला लई मारलं. त्याची चूक नव्हती."

म्हातारीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "मास्तरनं मारल्याबिगर लेकरं शिकतेत का?" ती म्हणाली. "त्याच्याच नशिबात न्हाई विद्या." आणि बाईंना आणखी चहा घ्यायचा आग्रह करायला लागली. ग्यानबा तसाच हात पुढे करून उभा होता. शेवटी आईनंच त्याचे हात खाली केले.

परत येताना बाई एवढंच बोलल्या, "तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी टेबलावर छडी नव्हती. पोरं काही दिवस बावरल्यासारखी वागली. बाई मारत नाहीत म्हणजे आजारी असतील, असं त्यांना वाटलं.

मग बाईंनी नमूच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या मागे लागायला सुरुवात केली. त्या निमित्तानं मीही एकदा सरकारी दवाखान्यातलं ते प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड पाहिलं. आठवड्यातून एक दिवस ते बसायचं. सगळ्या तऱ्हेची अपंग माणसं एकाच व्हरांड्यात, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवरची मुलं, वर घरघरणारे पंखे आणि नावं पुकारणारा शिपाई. नमूचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. आत गेल्या गेल्या ती टेबलाखाली जाऊन बसली आणि कान दाबून तो एकसुरी आवाज काढू लागली. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, वाईट नव्हते. त्यांनी खाली वाकून तिला नाव विचारलं, ठोकळे दाखवले, आणि मग वर बसून लिहायला लागले. बाईंनी उलट्या बाजूनं वाचलं. मतिमंद.

बाईंनी सांगितलं की हा शब्द चूक आहे. हैदराबादचे कागद दाखवले. कायद्यात ऑटिझम वेगळा लिहिलेला आहे, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कायद्यात आहे, पण इथं ते तपासायला माणूस नाही, मानसतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. खासगी कागदावर मला लिहिता येत नाही. मला जे लिहिता येतं ते लिहितो. सवलती सारख्याच मिळतात, बाई, घेऊन टाका.

"सवलत सारखी मिळंल," बाई म्हणाल्या. "पण उद्या शाळेतला मास्तर हा कागद वाचून ठरवतो, लेकराला शिकवायचं का नुसतं बसवून ठेवायचं. मी मास्तरीण हाय. आम्ही कसं ठरवतो ते मला म्हाईत हाय."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. बाईंनी तो परत सरकवला. मग त्या टेबलाखाली गेल्या, नमूशेजारी बसल्या, तिचा आवाज थांबेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. बाहेर रांग खोळंबली होती आणि लोक बाईंना बोल लावत होते. बाईंनी ते ऐकून घेतलं. नंतरही त्या अनेकदा गेल्या. दर वेळी जागा रिकामी असायची. एकदा भरली, तर आलेला माणूस महिन्यात बदली करून पुण्याला निघून गेला.

ग्यानबालाही त्यांनी त्याच बोर्डापुढे नेलं. त्याच्या कागदावरही तोच शब्द आला, आणि तो मात्र बाईंनी मुकाट घेतला, त्यावर त्याला अपंगांना मिळणारा सरकारी पगार सुरू करून दिला. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्याला आता शाळेत जायचं न्हाई. त्याला जेवायचं हाय."

नमूचं नाव आमच्याच शाळेत घातलं होतं. सर्वसमावेशक शिक्षण हा शब्द तेव्हा आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेला असायचा. प्रत्यक्षात नमू पहिलीच्या वर्गाच्या दाराशी एका बस्करावर बसायची, कारण आत गलका सहन व्हायचा नाही आणि बाहेर बसवलं तर हजेरी कशी लावायची. तालुक्यासाठी एक विशेष शिक्षक होता. तरुण, कंत्राटी, खांद्यावर चित्रांच्या कार्डांची पिशवी. सगळा तालुका त्याच्याकडे, त्यामुळे आमच्या शाळेत महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. पण आला की नमूशेजारी जमिनीवर बसायचा, आणि त्याच्या कार्डांवरून ती पाणी, घर, नको, एवढं दाखवायला शिकली. बाई आम्हा सगळ्यांना अरेतुरे करायच्या, त्या मुलाला अहोजाहो करायच्या. त्याचा पगार काही महिने आला नाही. मग तो नांदेडला मोबाईलच्या दुकानात लागला. तालुक्याला दुसरा शिक्षक आलाच नाही.

पुढं काही पालकांनी शाळा समितीत तक्रार केली की त्या मुलीच्या आवाजाचा आमच्या लेकरांवर परिणाम होतो. बैठकीत बाई पालक म्हणून बसल्या होत्या. एकानं विचारलं, हे पसरतं तर नाही ना? बाई म्हणाल्या, "पसरत असतं तर बरं झालं असतं. सायबाच्या घरात गेलं असतं, मग डॉक्टरची जागा भरली असती." ठराव झाला की नमिताची गैरसोय होत असल्यानं तिला घरीच अभ्यास द्यावा. गैरसोय नमूची, असं लिहिलं होतं. शब्द शुद्ध होते सगळे.

त्याच सुमारास बदल्या निघाल्या. दिव्यांग मुलांच्या आईबापांना बदलीत सूट असते, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. मुख्याध्यापकांनी बाईंना अक्षरशः हात जोडले. म्हणाले, बोर्ड देतंय तो कागद घ्या आणि इथंच राहा, शब्दाला काय करता. मालक लातूरहून आले. त्यांचं बोलणं बाईंनीच मला नंतर सांगितलं, बातमी सांगावी तसं. ते म्हणाले होते, एका शब्दासाठी घर मोडायला निघालीस. बाई म्हणाल्या होत्या, घर शब्दानं मोडत नसतं.

बाईंनी कागद घेतला नाही. बदली किनवट तालुक्यात झाली, रस्ता संपतो तिथल्या एका गावात. हा ताठा होता की शहाणपण, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता. मालकांनी शनिवारी येणं आधी कमी केलं, मग बंद केलं. किनवट लांब पडतं, एवढंच कारण सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस रजा टाकून मी एकदा तिथं गेले. सागाच्या जंगलातली दोनशिक्षकी शाळा, गोंडांची आणि तांड्यावरची मुलं. त्या मुलांना शाळेतली मराठीच परकी होती, त्यामुळे न बोलणारी मुलगी त्यांना फार वेगळी वाटली नव्हती. बाईंनी शाळेची घंटा काढून टाकली होती. मधली सुट्टी झाली की त्या दारात उभं राहून हात वर करायच्या. पत्र्याच्या कपाटामागं वाकळ टाकून एक कोपरा केला होता. नमूला गलका नकोसा झाला की ती तिथं जाऊन बसायची. इतर पोरंही जायची. घरी मार खाऊन आलेला एक मुलगा सकाळभर तिथं बसला, आणि बाईंनी त्याला उठवलं नाही. भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रं ओळीनं लावलेली. बाई अजूनही ऱ्हस्व-दीर्घावरून डाफरायच्या, पण एखादं पोर डोळ्यांत बघत नसेल, तर त्या स्वतःच नजर दुसरीकडे वळवून बोलायच्या.

पुढच्या वर्षी एके दुपारी त्यांचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढून केलेला, धाप लागलेली. खिचडी वाढताना एका मुलीनं नमूच्या ताटात जास्तीचा डाव घातला, आणि नमू स्पष्ट म्हणाली, "पुरे." नऊ वर्षांची झाली होती, आणि हा तिचा पहिला शब्द. वाढणारी मुलगी थांबली, सगळी पोरं जेवायची थांबली. बाई फोनवर रडत होत्या का हसत होत्या, कळेना. म्हणाल्या, "आई न्हाई, बाबा न्हाई. पुरे म्हणली. बराबर हाय तिचं. एवढ्या दिवसांत तिनं जे बघितलं, त्याला दुसरा शब्दच न्हाई."

नमूचं शिक्षण झालं ते त्या चार-पाच वर्षांत. पटसंख्या कमी म्हणून ती शाळा दुसऱ्या मोठ्या शाळेत मिसळली. तिथं घंटा होती, भोंगा होता, आणि प्रार्थनेला शेकडो मुलं. नमू पुन्हा टेबलाखाली गेली. रेटून आठवी झाली. पुढं निवासी शाळेनं सांगितलं, आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. बाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि नांदेडला दोन खोल्या घेतल्या.

तोवर लातूरच्या चौकात शैलेशचा फोटो लागला होता. शिकवणीवाल्यांनी लावलेला मोठा बॅनर, वैद्यकीयला लागलेल्या मुलांचा. बाई मला तो दाखवायला घेऊन गेल्या होत्या. खाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एका लेकराचा फोटो चौकात लागला. दुसरीचं नाव हजेरीत नको होतं लोकाला. दोघं एकाच पोटची." मग बॅनरवरची चूक शोधायला लागल्या. 'हार्दीक' लिहिलं होतं. पण ते फार उंचावर होतं, बाईंचा हात पुरणार नव्हता.

नांदेडला त्यांनी तसल्याच मुलांच्या आयांना गोळा केलं. रविवारी एका शाळेच्या व्हरांड्यात बसायच्या. कुणी बिलोलीहून, कुणी देगलूरहून, कुणी पार लातूरहून यायच्या. बाई त्यांना अर्ज लिहून द्यायच्या नाहीत, लिहायला लावायच्या. मग सगळ्या मिळून कचेऱ्यांपुढं जाऊन बसायच्या. मागणं साधंच: तपासणारा माणूस कायमचा नेमा, बोर्डाच्या दिवशी या मुलांना एक शांत खोली द्या, विशेष शिक्षकाचा पगार वेळेवर करा. साहेब बदलायचे आणि बाईंना पहिल्यापासून सांगावं लागायचं. एका साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलगी आता बरी आहे ना? बाईंनी त्यांनाही विचारलं, खरं ऐकायचंय का गोड.

कित्येक वर्षांनी एकदाचं केंद्र झालं. रंगवलेली खोली, गाद्या, झोका, आठवड्यातून दोनदा येणारा तज्ज्ञ. उद्घाटनाला मी मुद्दाम रजा टाकून गेले. मांडव, लाऊडस्पीकर, पाहुण्यांची उशिरा आलेली गाडी. बाईंना व्यासपीठावर बोलावून शाल घातली. त्या उतरल्या तेव्हा नमू मागच्या खुर्चीत कान दाबून झुलत होती, कारण भाषणाचा कर्णा नेमका तिच्या डोक्यावर होता. बाईंनी अंगावरची शाल काढली आणि नमूच्या कानांभोवती गुंडाळली. मग तिला हाताला धरून नोंदणीच्या टेबलाशी गेल्या.

टेबलावरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली, संगणकावर भरली, परत भरली. म्हणाली, घेत नाहीये. योजना अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. नमूला नुकतीच एकोणीस पूर्ण झाली होती. साहेब जवळच होते. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, बाई, मोठ्यांसाठी जुनं बोर्ड आहेच की.

मला वाटलं, आता बाई बोलतील. पण त्या बाजूला झाल्या, आणि मागं उभ्या असलेल्या एका तरण्या बाईला, जिच्या कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा होता, म्हणाल्या, "पुढं हो, अव्वा. आत गेल्यावर पंखा बंद करा म्हणून सांग. आणि काय लिहितेत ते वाचल्याबिगर उठू नको." दुपारपर्यंत त्या तिथंच, रांगेतल्या आयांना काय विचारायचं ते सांगत राहिल्या. नमू मांडवाच्या मागं, नळाशी, धारेत बोट धरून बसली होती.

त्यानंतर वर्षही झालं नाही आणि बाई गेल्या. पोटाचं दुखणं होतं, कधीपासून होतं ते कुणाला सांगितलं नव्हतं. शैलेश डॉक्टर होता, त्यालाही नाही. नमूला कुठं ठेवायचं, हा प्रश्न मातीच्या दिवशीच उभा राहिला. शैलेश वाईट मुलगा नाही. त्याची नोकरी आहे, लहान घर आहे, बायकोला दिवस गेलेले आहेत. दुसऱ्या जिल्ह्यात एक संस्था आहे, तिथं जागा मिळत होती, पण त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. नमू मला ओळखते म्हणून शैलेशनं मला बोर्डाच्या दिवशी बोलावलं. नमू या वेळी टेबलाखाली गेली नाही. खुर्चीत बसली, कानांवर हात ठेवून, आवाज न करता. डॉक्टरांनी नाव विचारलं, शैलेशनं सांगितलं. ठोकळे कुणी काढलेच नाहीत. अर्ध्या दिवसात कागद हातात आला. शैलेशनं तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि घडी करून पाकिटात ठेवला. शब्द तोच होता, आणि मी नमूला खुर्चीतून उठवलं. गाडी बाहेर उभी होती.

बाई मला शेवटच्या दिसल्या त्या केंद्राच्या उद्घाटनाच्या दिवशी, संध्याकाळी, नांदेडच्या बसस्टँडवर. त्यांना माहेरी उदगीरला जायचं होतं, मला चाकूरला. त्यांची गाडी लागली तशी माणसं तुटून पडली, खिडक्यांतून पिशव्या, रुमाल आत जायला लागले. नमूनं ती गर्दी पाहिली आणि पाय रोवून उभी राहिली. बाईंनी तिला ओढलं नाही, ढकललं नाही. कंडक्टर दारातून ओरडला, येताय का न्हाई, बाई? बाईंनी हातानंच जा म्हणून खूण केली. गाडी गेली. मी म्हणाले, मी थांबते. म्हणाल्या, तुझी गाडी लागलीय, जा. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. तेवढ्यात उदगीरची दुसरी गाडी लागली, तीही भरली आणि निघून गेली. माझी गाडी वळताना मी मागं पाहिलं. गर्दीपासून दूर, खांबाला टेकून बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी नमू. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. बाईंनी नमूचा हात धरला नव्हता. नमूनंच त्यांच्या पदराचं टोक मुठीत घेतलं होतं. दोघी समोरचा मोकळा रस्ता बघत उभ्या होत्या.